पाऊलवाटांची सनद

इंग्लंडात पायी भटकणारा मनुष्य खेड्यातील मद्यगृहात घटकाभर विसावतो आणि परक्याच्या शेतातून निर्धास्तपणे पुढे निघतो. सार्वजनिक पाऊलवाटा नकाशांवर नोंदविणे १९४९ च्या कायद्याने तेथे बंधनकारक झाले, हे त्याचे कारण.

आमच्या मयेहून नार्व्यास पायी जाण्यातही असेच सुख आहे. वाटेत चहा, पातळभाजी-पाव. ज्यास रुचेल त्यास फेणीही. पोर्तुगीजांच्या छळामुळे दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्व्यास आला; १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. गोकुळाष्टमीच्या तीर्थस्नानास आजही तेथे माणसे लोटतात.

मये म्हणजे पूर्वी एका पोर्तुगीज सरदाराची जहागीर. मुक्तीनंतर ती १९६४ च्या कायद्याखाली परागंदा मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात राहिली. रहिवाशांना मालकी देण्याचा मार्ग २०१४ च्या कायद्याने मोकळा झाला. हा न्याय उशिराचा, पण खराच.

मात्र मालकीपाठोपाठ गडगा येतो. त्यात कोणाचा दोष नाही. परंतु पाऊलवाट कोणाच्याच नावे नसते, म्हणून आधी तीच बुजते. जमिनींच्या सनदा होत असतानाच ग्रामसभेने वाटांचीही नोंद करावी. त्या ज्यांना तोंडपाठ आहेत, ती वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत तोवरच हे साधेल.