तुकड्यांची परिक्रमा

पांढुर्ण्याहून सौंसरला शिकवणीसाठी गेलो की लोक विचारतात, "मास्तर, परिक्रमा झाली म्हणे?" झाली, पण तुकड्यातुकड्यांनी.

नर्मदेची अखंड परिक्रमा परंपरेने तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची. एवढी रजा वडिलांना दरबारातून मिळाली नाही. संकल्प मनातच राहिला. मग मीच, सुट्टी मिळेल तसा, एकेक दिवस चाललो. नर्मदापुरमच्या सेठाणी घाटावरून निघालो, मैया उजव्या हाताला. जिथे थांबावे, तिथूनच पुढच्या खेपेचे पहिले पाऊल.

दक्षिण तट निर्वेधपणे झाला. उत्तर तटावरून घरी येताना मात्र बुधनीजवळ आगगाडी मैया ओलांडी. आणि परिक्रमावासीयाने तर ती ओलांडायची नाही! पुलावर मी मान खाली घालून बसे. तेव्हा वडिलांची शिकवण आठवे : गवयाला श्वास घ्यावाच लागतो, सोडलेला स्वर नेमका धरला की आलाप तुटत नाही.

बाराव्या वर्षी पुन्हा सेठाणी घाटाची पायरी आली. पुलाचा दोष मैयेपुढे कबूल केला आणि वडिलांच्या नावाने ओंजळभर पाणी सोडले. आता रीतीप्रमाणे ओंकारेश्वरी जल वाहायचे, एवढेच उरले आहे.