तापीकाठचा मुसाफिर

अमरावतीहून धारणीला निघालेल्या एसटीत रमजानच्या दिवसांत एक संवाद हमखास ऐकू येतो. घाट चढून गाडी घटांगच्या पुढे गेली की शेजारचा प्रवासी पाण्याची बाटली पुढे करतो. 'रोजा आहे भाऊ,' असं उत्तर येतं. 'पण प्रवासात सूट असते नं तुमच्यात?' हा पुढचा प्रश्न.

सूट असते. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात रोजे फर्ज झाल्याचं जिथे सांगितलं आहे, तिथेच आजारी माणसाला आणि मुसाफिराला ते रोजे पुढे सवडीने भरून काढण्याची मुभाही दिली आहे. मात्र मुसाफिर कोणाला म्हणायचं याचा हिशेब ठरलेला आहे. आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी पद्धत पाळतात आणि त्यांचे उलेमा साधारण ४८ मैल, म्हणजे ७७-७८ किलोमीटर किंवा त्याहून लांब निघालेल्याला मुसाफिर धरतात. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत धारणी गाठणारा अमरावतीकर या हिशेबात आरामात बसतो. तरी बाटली परत गेली, त्यालाही कारण आहे. पहाट झाली तेव्हा हा माणूस अमरावतीत आपल्या घरीच होता, त्यामुळे त्या दिवसाचा रोजा त्याच्यावर लागू झाला. खरी सूट मिळते ती दुसऱ्या दिवशी, जेव्हा पहाट धारणीत होते. तेव्हाही प्रवास सोपा असेल तर रोजा ठेवलेला बरा, असं सांगितलं जातं.

आणखी एक गोष्ट अशा प्रवाशाने लक्षात ठेवण्यासारखी. अमरावतीत छापलेलं सेहरी-इफ्तारचं वेळापत्रक धारणीत जसंच्या तसं चालत नाही. धारणी अमरावतीच्या पश्चिमेला आहे, रेखांशात एका अंशाहून थोडी कमी. एक अंश फिरायला पृथ्वीला चार मिनिटं लागतात. म्हणजे अमरावतीत सूर्य मावळला तरी धारणीत तो अजून तीन-साडेतीन मिनिटं असतो. खिशातलं वेळापत्रक बघून खजूर तोंडात टाकला तर दिवसभराचा रोजा शेवटच्या तीन मिनिटांत जायचा. मुसाफिराने गावच्या अजानकडे कान द्यावा, हे उत्तम.

मुसाफिराला एवढ्या बारकाईने सांभाळणाऱ्या या नियमांच्या आधाराने आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं वाटेवर काढलेला एक माणूस आपल्या तापीच्या खोऱ्यातून गेला होता. त्याचं नाव इब्न बतूता. गाव टँजिअर, मोरोक्कोच्या उत्तर टोकावरचं बंदर. जन्म १३०४ चा. धारणीला तो आला नाही. त्याची वाट खाली पश्चिमेला, दौलताबादहून नंदुरबारकडे गेली. पण मुलताईला उगम पावलेली जी तापी मेळघाटच्या कडेने, धारणी तालुक्यातून वाहत बुऱ्हाणपूरला जाते, तीच पुढे खानदेश ओलांडून त्याच्या मुक्कामाच्या गावापाशी पोचते.

आज मोरोक्कोतल्या एखाद्या शांत, आडबाजूच्या गावी जाऊन आलेले प्रवासी तिथल्या पाहुणचाराच्या गोष्टी सांगतात. इथे उलटं घडलं होतं. मोरोक्कोचा माणूस आपल्या मुलखातल्या एका छोट्या गावी आला आणि त्याने त्या गावाबद्दल लिहून ठेवलं.

इब्न बतूता १३२५ च्या जूनमध्ये हजसाठी घराबाहेर पडला, तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि एकटा होता. काही आठवड्यांनी एका काफिल्याबरोबर ट्युनिसला पोचला. गावकरी वेशीवर स्वागताला आले होते. जो तो आपल्या ओळखीच्या माणसाला भेटत होता, सलाम होत होते, गळाभेटी होत होत्या. याला मात्र कोणी ओळखत नव्हतं, म्हणून कोणी सलामही केला नाही. त्याला रडू आवरेना. ते पाहून काफिल्यातला एक हजचा यात्रेकरू जवळ आला, त्याने सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. त्या वर्षीची ईद-उल-फित्र इब्न बतूताने ट्युनिसमध्येच केली. म्हणजे घराबाहेरच्या त्याच्या पहिल्या रमजानच्या आसपासचीच ही गोष्ट. पुढे राजदरबारांचे, रत्नांचे, मेजवान्यांचे ढीगभर तपशील देणाऱ्या या माणसाला तीस वर्षांनी लिहवून घेताना हा एक सलाम आठवत होता.

दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काझी केलं आणि १३४२ मध्ये आपला वकील म्हणून चीनकडे रवाना केलं. धार, उज्जैन करत तो दौलताबादला आला. तिथल्या किल्ल्याच्या कैदखान्यातले उंदीर मांजरापेक्षा मोठे आहेत, असं त्याने लिहिलं आहे. त्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावं. पण रमजानच्या पानावर सांगण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. दौलताबादेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एक अख्खा बाजार होता. सजवलेली दुकानं, मध्यभागी गालिचे अंथरलेला घुमट, तिथे दर गुरुवारी दुपारच्या नमाजेनंतर गाणं. त्याच बाजारात मशिदी होत्या आणि रमजानमध्ये तिथे तरावीहची नमाज, म्हणजे रात्री कुरआन ऐकवला जाणारी नमाज, होत असे. इथला एक हिंदू राजा बाजारातून जाताना त्या घुमटात थांबून गाणं ऐके, आणि पुढे एका मुसलमान सुलतानानेही तसंच केलं, हेही त्याने नोंदवलं आहे. गाणं आणि नमाज एका बाजारात कशी, असा प्रश्न आज पुष्कळांना पडेल. टँजिअरच्या या काझीने मात्र बाजाराचं कौतुकच केलं.

दौलताबादहून तो नंदुरबारला आला. त्याने त्याला लहान गाव म्हटलं आहे आणि वस्ती मराठ्यांची, असं सांगितलं आहे. इथले कारागीर हुशार, वैद्य आणि ज्योतिषी जाणते. जेवण भात, भाजी आणि तिळाचं तेल. ही माणसं जीव दुखावत नाहीत, जनावर मारत नाहीत, दारू पीत नाहीत. जेवणाआधी अंघोळ करतात, तीही इतकी नीट की त्याला आपल्याकडच्या गुस्लची, म्हणजे नमाजेआधी पवित्र होण्यासाठी करायच्या अंघोळीची आठवण झाली. सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात लग्न करत नाहीत, हेही त्याने टिपलं. परक्या गावात दोन घास खाताना माणूस किती बघू शकतो, त्याचा हा नमुना. त्याच्या लिखाणात इतर धर्मीयांबद्दल कडू शब्दही पुष्कळ आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. नंदुरबारच्या या चार ओळींत मात्र कडवटपणा नाही.

पुढचा मुक्काम सागर नावाच्या गावी. बरेच अभ्यासक हे गाव म्हणजे गुजरातमधलं आजचं सोनगड आणि तिथली नदी म्हणजे तापी, असं मानतात. नदीवर पाण्याचे रहाट, काठाने आंबा, केळी, ऊस यांच्या बागा. आणि बागांमध्ये मुसाफिरखाने. ही व्यवस्था त्याने नीट समजून घेतलेली दिसते. ज्याने मुसाफिरखाना बांधायचा, त्याने एक बागही त्याच्या नावे वक्फ करायची, म्हणजे कायमची देऊन टाकायची. बागेच्या उत्पन्नावर वाटसरूंचा खर्च चालायचा. देखरेख बांधणाऱ्याच्या मुलाबाळांकडे, आणि घराण्यात कोणी उरलं नाही तर काझीकडे. वाटसरूची सोय कोणाच्या लहरीवर न सोडता आंब्याच्या झाडांवर सोपवली होती.

हे सगळं त्याने १३५५ मध्ये फेज शहरात सुलतानाच्या हुकमावरून सांगून लिहवलं. तो ग्रंथ 'रिहला' या नावाने ओळखला जातो.

वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. नंदुरबारला आलेला इब्न बतूता दिल्लीच्या सुलतानाचा वकील होता. सोबत घोडेस्वार होते, नजराणे होते. अशा पाहुण्याला कुठल्याही गावात ताट वाढलं जातं. ट्युनिसच्या वेशीवर उभा होता तो मात्र कोणीच नसलेला पोरगा. गावाची परीक्षा अशा माणसापाशी होते. कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यात शेवटचा आहे 'इब्न-उस-सबील', शब्दशः वाटेचा मुलगा. घरी तो पैसेवाला असला तरी वाटेत अडकला, खिसा रिकामा झाला, तर जकातीत त्याचा वाटा आहे. गोरगरीब आणि मदरसे आपल्याकडच्या जकातीच्या यादीत असतात. वाटेचा मुलगा बहुतेक वेळा राहून जातो.

मोरोक्कोतल्या लहान गावांत आजही रमजानचा दिवस सुस्त आणि संध्याकाळ जागी असते. सूर्यास्ताला घराघरांत हरीरा नावाचं डाळ, हरभरे आणि टोमॅटोचं दाट सूप, खजूर, मधात बुडवलेली शबाकिया. जुन्या वस्त्यांत सेहरीला उठवायला तुतारी वाजवत फिरणारा 'नफ्फार' काही ठिकाणी अजून आहे. या महिन्यापुरती तिथे सरकारी घड्याळंही तासभर मागे घेतली जातात. पण दिवसा खाणावळी बहुधा बंद, आणि मुसलमान म्हणून ओळखल्या जाणाऱ्याने सबळ कारणाशिवाय उघड्यावर रोजा मोडला तर कायद्याने शिक्षा आहे. धारणीत भर दुपारी रोजेदाराच्या शेजारच्या टपरीवर चहा उकळत असतो, आणि त्याने कोणाचंही काही बिघडत नाही. याबाबतीत धारणी मोरोक्कोच्या पुढे आहे, असं म्हणायला हरकत नाही.

धारणी तसं शांतच गाव. जंगल सफारीला येणारे पर्यटक चिखलदरा, सेमाडोहहून माघारी वळतात. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे २०१७ पासून बंद, त्यामुळे धूळघाटचं वळण घेत या भागात येणारी ती वाटही गेली. उरली एसटी आणि जीप. बाजारात कोरकू, हिंदी, वऱ्हाडी, उर्दू अशा भाषा एकाच सौद्यात मिसळलेल्या ऐकू येतात.

यंदा सलग तिसऱ्या वर्षी होळी रमजानात आली. २०२४, २०२५ आणि २०२६. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, त्यामुळे पुढच्या वर्षी रमजान होळीआधीच संपेल. कोरकूंचा वर्षातला सर्वांत मोठा सण होळी. पोटासाठी वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, हरभरा-गव्हाच्या सोंगणीला अमरावती, अकोल्याकडे आणि मध्य प्रदेशात गेलेली माणसं या दिवसांत काहीही करून गावी परततात. मग रस्त्यावर दोरी धरून, नाचत-गात गाड्या अडवल्या जातात आणि प्रवाशांकडून 'फगवा' मागितला जातो. वाटसरूकडून हक्काने घेण्याची ही रीत. दोन-पाच रुपयांसाठी काच वर करून बसणारे प्रवासीही दिसतात. फगव्याला पैसे देऊन, दोन मिनिटं ढोल ऐकून पुढे जाणारा रोजेदार इफ्तारला काही उशिरा पोचत नाही.

पण ज्याला वाटेचा मुलगा म्हणावं, तो त्या दोरीपर्यंत पोचण्याआधी कुठेतरी अडकलेला असतो. शेवटची गाडी चुकल्यावर स्टँडवर लेकरं, गोधड्या आणि डबे-भांडी घेऊन रात्र काढणारं कोरकू कुटुंब परतवाड्याला सणासुदीत कोणीही पाहावं. जकात फक्त मुसलमानांना देता येते, असं बहुतेक उलेमा सांगतात. सदक्याला मात्र अशी अट नाही. सदका कोणालाही चालतो, आणि रमजानमध्ये त्याचं सवाब वाढतं. इफ्तारच्या मोठ्या दस्तरखानांचे, पुढाऱ्यांना खजूर भरवतानाचे फोटो दरवर्षी छापून येतात. त्याच संध्याकाळी पाव किलोमीटरवरच्या स्टँडवर दहा पाकिटं भजी आणि केळी पोचवायला मंडप लागत नाही, माइकही लागत नाही. काही गावांतली तरुण मुलं हे करतात, आणि त्यांची नावं कुठे येत नाहीत.

होळीनंतरच्या बाजाराला घरातला दाणा-पाणी भरून झाला की यातली बरीच माणसं पुन्हा कामावर निघतात. पहाटेच्या गाडीसाठी ती अंधारातच रस्त्याला येऊन बसतात. धारणीत तेव्हा सेहरीची वेळ असते. मार्च सरता सरता मोह गळू लागतो, आणि गावाबाहेर टोपल्या घेऊन झाडाखाली निघालेल्या बायाही याच वेळेला जाग्या असतात. एवढ्या पहाटे चूल पेटलेल्या घरांत एक घर रोजेदाराचं असतं, आणि त्याच्या दारावरून गाडीकडे जाणारी वाट असते.