रानातील शर्यत आणि सागरतीरीची सुट्टी

सुट्टीचा बेत ठरविताना बहुतेक घरांत एकच खडाजंगी उडते. वडिलांना जुनी मंदिरे व मठ पाहावयाचे असतात, आईला समुद्राकाठी शांतपणे चार पावले चालावयाचे असते, मुलांना धावल्याखेरीज चैन पडत नाही. आणि आजी-आजोबांना ‘तुम्ही येथेच बसा, आम्ही येतो जाऊन’ असे सांगून सावलीतल्या बाकावर बसविले जाते. संध्याकाळी सर्वजण एकत्र येतात ते थकून. एका कुटुंबाची एक सुट्टी न होता चार माणसांच्या चार निरनिराळ्या सुट्ट्या होतात.

ही तक्रार पुष्कळ अंशी मिटविणारा एक छंद युरोपात रूढ आहे. त्याचे नाव ओरिएंटिअरिंग. आपण त्याला दिशाशोधनाची शर्यत म्हणू. हा छंद आणि समुद्रकाठची सुट्टी यांची सांगड घालून हजारो कुटुंबे दरवर्षी प्रवासास निघतात. गोव्यातील कित्येक ख्रिस्ती घरांचे आप्त पोर्तुगालात स्थायिक झालेले आहेत. त्यांच्या भेटीस जाणाऱ्यांना ही सुट्टी अगदीच आवाक्याबाहेरची नाही. म्हणून पोर्तुगालच्याच किनाऱ्याचे उदाहरण घेऊन तिची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम शर्यतीविषयी. या शर्यतीत आखलेला रस्ता नसतो. धावणाऱ्याच्या हाती एक तपशीलवार नकाशा आणि एक होकायंत्र दिले जाते. रानात ठिकठिकाणी नारिंगी-पांढऱ्या कापडाची निशाणे लावलेली असतात. कोणते निशाण कोणत्या क्रमाने गाठावयाचे ते नकाशावर जांभळ्या वर्तुळांनी दाखविलेले असते. एका निशाणापासून दुसऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने जावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. टेकडी चढून सरळ जावे, की लांबच्या पायवाटेने वळसा घालावा? निशाणापाशी पोहोचल्याची नोंद हल्ली बोटाला बांधलेल्या लहानशा इलेक्ट्रॉनिक पट्टीने होते. स्पर्धकांना काही मिनिटांच्या अंतराने एकेक करून सोडतात, म्हणजे दुसऱ्याच्या पाठीमागे आंधळेपणाने धावण्याची सोय उरत नाही.

या खेळाचा उगम स्वीडन व नॉर्वे येथील सैनिकी शिक्षणात आहे. सर्वसामान्य जनांसाठी पहिली स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत झाली. पुढे स्वीडनमधील बालवीर चळवळीचे एक पुढारी मेजर एर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ साली स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवून या खेळास आजचे रूप दिले. १९६१ साली दहा देशांनी मिळून त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. उत्तरेकडील थंड देशांचा हा खेळ दक्षिणेत पोर्तुगालपर्यंत आला आणि तेथे त्याला एक विशेष भाग्य लाभले. हिवाळ्यात उत्तरेची राने बर्फाखाली जातात, तेव्हा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मात्र धावता येते.

तेथील मोठा मेळावा ‘पोर्तुगाल ओ मीटिंग’ या नावाने ओळखला जातो. तो कार्निव्हलच्या, म्हणजे आपल्या गोव्याकडील इंत्रूजच्या सुट्टीत भरतो आणि साधारण चार दिवस चालतो. त्याचे ठिकाण दरवर्षी बदलते. कधी तो आतल्या खडकाळ पठारांवर असतो, तर कधी समुद्रालगतच्या पाइन वृक्षांच्या रानांत. ज्या वर्षी तो किनाऱ्यावर येतो ते वर्ष आपल्या बेताला सोयीचे. लैरिया शहराच्या पश्चिमेकडील रान यासाठी नावाजलेले असून, पस्तीस वर्षांवरील खेळाडूंची जागतिक स्पर्धा २००८ साली याच परिसरात झाली.

त्या रानाची कथा ऐकण्यासारखी आहे. समुद्रावरून उडत येणारी वाळू शेते गिळू लागली, तेव्हा तिला अडविण्यासाठी मध्ययुगात येथे पाइन वृक्षांची लागवड झाली. लोकपरंपरा तिचे श्रेय राजा दिनिश (राज्यकाल १२७९ ते १३२५) यास देते. जाणकार म्हणतात की आरंभ त्याच्याही आधी झाला होता. या रानाचे लाकूड व डांबर पुढे जहाजबांधणीस उपयोगी पडले. वाळूच्या जुन्या टेकड्यांवर हे रान उभे असल्यामुळे त्यात असंख्य लहान उंचवटे व खळगे आहेत. प्रत्येक खळगा शेजारच्या खळग्यासारखाच दिसतो. म्हणूनच नकाशा वाचणाऱ्याची येथे खरी कसोटी लागते. दुर्दैवाने १५ ऑक्टोबर २०१७ रोजी लागलेल्या भीषण वणव्यात या रानाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग जळून गेला. सात शतकांची ठेव, आणि एक दिवस! तेथे पुन्हा झाडे लावली जात आहेत; पण आज लावलेल्या रोपट्याची दाट सावली पाहण्यास पुढची पिढी यावी लागेल. अशा रानातून धावणारा पाहुणा काडी ओढताना दहादा विचार करील, अशी अपेक्षा ठेवणे गैर नव्हे.

कुटुंबाच्या दृष्टीने या शर्यतीचा गुण असा की, एकाच रानात, एकाच सकाळी, प्रत्येकाच्या वयाला व शक्तीला साजेशी निराळी वाट आखलेली असते. लहान मुलांची वाट दोन-तीन किलोमीटरांची, पायवाटांना धरून जाणारी; तरुणांची लांब व अवघड; साठी-सत्तरी उलटलेल्यांचीही स्वतंत्र वाट असते, आणि ऐंशी वर्षांवरील स्पर्धकही तेथे दिसतात. नवख्यांसाठी बहुधा खुल्या, सोप्या वाटा असतात. त्या चालत पार केल्या तरी कोणी हसत नाही. आजोबांना बाकावर बसवून ठेवण्याचे कारणच उरत नाही. दुपारी जेवताना सर्वांच्या बोलण्याला एक समान विषय मिळतो: तू पाचव्या निशाणाला कोणीकडून गेलास? नात आजोबांना आपली वाट दाखविते आणि आजोबा तिला आपली चूक सांगतात. वडीलधाऱ्यांनी आपली चूक मुलांपुढे हसत कबूल करावी असे प्रसंग घरात किती येतात बरे?

आता या खेळातील मुख्य धडा. नवखा मनुष्य हरवतो तो वाट न सापडल्यामुळे नव्हे, तर वाट चुकली हे कळूनही धावत राहिल्यामुळे. सावकाश धावणारा माणूससुद्धा मिनिटाला दीडशे मीटर अंतर सहज कापतो. ‘पुढे सापडेल’ या आशेवर तो पाच मिनिटे धावला, तर नकाशावर त्याला शोधावयाचे क्षेत्र केवढे वाढले! म्हणून अनुभवी लोक शिकवितात: शंका आली की थांबावे. नकाशा उत्तरेला जुळवावा. शेवटी कोणत्या जागी आपण निश्चित होतो ते आठवावे, आणि आवश्यक तर तेथपर्यंत परत जावे. परत जाणे म्हणजे हार नव्हे. नकाशा जितक्या वेगाने वाचता येतो तितक्याच वेगाने धावावे, हे या खेळाचे सार होय.

आणखी दोन नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वाटेत कोणी जखमी दिसला तर आपली शर्यत सोडून त्याला साहाय्य करणे हे प्रत्येक स्पर्धकाचे कर्तव्य आहे. भल्या शोमरोन्याचा दाखला ज्यांनी लहानपणापासून ऐकला त्यांना हे निराळे सांगावयास नको. दुसरा नियम असा की, शर्यत अर्धवट सोडली तरी समाप्तीच्या जागी जाऊन तशी नोंद केलीच पाहिजे. परस्पर निवासस्थानी निघून गेलेल्या एका माणसासाठी इतरांना संध्याकाळी सारे रान धुंडाळावे लागते. आपण सुखरूप आहोत हे कळविणे हेही प्रेमाचेच कृत्य होय.

थांबण्याचा हा धडा शिकवावयास त्या किनाऱ्यावर जणू एक जुने प्रवचनच कोरून ठेवले आहे. लैरियाच्या नैर्ऋत्येस नाझारे नावाचे मासेमारांचे गाव आहे. खाली वाळूचा किनारा, आणि त्यावर सुमारे एकशे दहा मीटर उंचीचा सरळ तुटलेला कडा. कड्यावरच्या वस्तीला सीतिओ म्हणतात. तेथे वर जाण्यास १८८९ पासून रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी आहे. परंपरा सांगते की, ११८२ साली १४ सप्टेंबर रोजी, दाट धुक्याच्या सकाळी, दों फुआश रोपिन्यो नावाचा सरदार हरणाचा पाठलाग करीत भरधाव घोडा फेकीत होता. हरीण कड्यावरून नाहीसे झाले. पुढे जमीन संपली आहे हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता. जवळच्या गुहेत पवित्र मरीयेची मूर्ती आहे हे स्मरून त्याने तिचा धावा केला, आणि घोडा कड्याच्या टोकावर जागच्या जागी थांबला. त्या उपकाराची स्मृती म्हणून बांधलेले चिमुकले प्रार्थनामंदिर अजून कड्यावर उभे आहे, आणि जवळच नाझारेच्या मातेचे मोठे मंदिर आहे. सकाळी रानात घाई करून तीन निशाणे चुकलेल्या माणसाने दुपारी तेथे उभे राहून खाली समुद्राकडे पाहावे. ती कथा त्याला कोणी समजावून देण्याची गरज पडत नाही.

अशा सुट्टीत दिवसाचे तीन भाग पाडावेत. सकाळ शर्यतीची, हौशी माणसाला ती तासा-दीड तासाहून अधिक गुंतवीत नाही. मग जेवण व विश्रांती. दुपारी एकच फेरफटका किंवा एकच स्थळ, दोन नव्हेत. एक दिवस कड्यावरील दीपगृहापर्यंत चालावे. या किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशी सुमारे पाच किलोमीटर खोलीपर्यंत उतरत जाणारी प्रचंड दरी आहे. तिच्यामुळे हिवाळ्यात येथे पर्वतप्राय लाटा उठतात. २०२० साली येथे एका जर्मन लाटस्वाराने २६ मीटरांहून उंच लाटेवर स्वारी केल्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद आहे. या लाटा दुरूनच पाहाव्यात. पायी भटकताना खुणांनी आखलेल्या वाटा सोडू नयेत: लाल-पिवळे पट्टे लहान फेऱ्यांचे, लाल-पांढरे लांब पल्ल्याच्या वाटांचे. रानातील स्वातंत्र्य कड्यावर चालत नाही. किनाऱ्याचे कडे ठिसूळ असतात व कडेची माती पायाखालून निसटते.

दुसऱ्या दुपारी खालच्या गावात वाळूवर मासळी वाळत घातलेली पाहावी. थरावर थर घागरे नेसलेल्या तेथील कोळिणी आपल्या किनाऱ्यावरील कोणासही परक्या वाटणार नाहीत. तिसऱ्या दुपारी आल्कोबासाचा मठ पाहावा. ११५३ साली स्थापन झालेल्या या सिस्टर्शियन मठाच्या साध्या, उंच व शुभ्र मंदिरात पाऊल टाकताच माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. चौथ्या दुपारी बाताल्या: १३८५ सालच्या आल्जुबारोताच्या लढाईतील विजयाबद्दल नवस फेडण्यासाठी राजा जुआंव याने बांधविलेला मठ. होकायंत्राच्या आधाराने जहाजे दूरदेशी धाडणारा राजपुत्र हेन्री तेथेच चिरनिद्रा घेत आहे. त्याच परंपरेतील जहाजातून संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी, गोव्यास पोहोचले. सकाळी हातात धरलेल्या त्या चिमुकल्या सुईने आपल्या इतिहासात केवढे काम केले आहे, याची जाणीव तेथे होते.

आपल्या वाचकांनी एका गोष्टीची आगाऊ तजवीज करावी. रविवारची शर्यत सकाळीच असते. म्हणून शनिवारी सायंकाळी किंवा रविवारी संध्याकाळी मिस्सा कोठे आहे याची चौकशी निवासस्थान ठरवितानाच करावी. कार्निव्हल संपताच राखेचा बुधवार येतो. त्या दिवशी परतीची घाई न करता फातिमाला जावे. नाझारेहून मोटारीने तासाभराचाही रस्ता नाही. १९१७ साली ज्या तीन गुराखी मुलांना पवित्र मरीयेचे दर्शन झाले, त्यांपैकी फ्रान्सिस्को व जासिंता यांस १३ मे २०१७ रोजी संतपद देण्यात आले. चार दिवस धावलेल्या पायांनी तेथे गुडघे टेकावेत आणि कपाळी राख घेऊन प्रायश्चित्तकाळाला आरंभ करावा. याहून उचित समाप्ती ती कोणती?

तयारी थोडी, पण नेमकी हवी. नाव आगाऊ नोंदवावे. काटेरी झुडपांपासून रक्षणासाठी पाय झाकणारा पोशाख, पकड घेणारे बूट, पावसाचा अंगरखा व एक शिट्टी जवळ असावी. फेब्रुवारीत त्या किनाऱ्यावर वारा झोंबतो आणि पाऊस अवचित येतो.

ज्यांना इतका दूरचा प्रवास शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. गावातील तरुणांनी एखाद्या सुट्टीत चर्चपासून किनाऱ्यापर्यंतचा किंवा माळापर्यंतचा नकाशा स्वतः काढावा. खुरीस, विहीर, जुना वड, ओढ्यावरील साकव त्यात दाखवावे, आठ-दहा निशाणे लावावीत, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना बोलवावे. नकाशा काढताना कळेल की, जन्म ज्या गावात गेला त्याच्या कितीतरी वाटा आपण कधी पाहिल्याच नव्हत्या. आणि धावताना कोणी वाट चुकला, तर त्याला एवढेच सांगावे: बाळ, घाबरू नकोस. थांब, आपण कोठे आहोत ते पाहा, आणि मग पाऊल टाक.