जयगाव ते धुये

जळगावच्या स्टँडवरून एसटी धरली की एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटरवर धुळं येतं. एवढ्या वाटेत 'ळ' मात्र फारसा कुठे भेटत नाही. जळगावचं 'जयगाव', धुळ्याचं 'धुये', डोळ्याचा 'डोया'. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला वाटतं, सगळी एकच बोली.

आमच्या घरात तसं म्हणायची सोय नव्हती. आई यावलकडची, लेवा बोलीत वाढलेली. वडील साक्रीकडचे, अहिराणीचे. 'एका माणसाला दोन मुलगे होते' हे वाक्य आईकडे 'एका मानसाले दोन पोऱ्हे व्हते' असं होई आणि साक्रीच्या आजीकडे 'एक माणूसले दोन आंडोर व्हतात'. आजीचा 'आहे' म्हणजे 'शे', गुजरातीच्या 'छे'चा सख्खा शेजारी. माझा म्हणजे 'मना', तुझा म्हणजे 'तुना'. आणि आजी काय, आजोबा काय, दोघंही 'मी जास' म्हणत; जातो-जातेची भानगडच नाही.

दोन मुलग्यांचं वाक्य उगाच घेतलेलं नाही. जॉर्ज ग्रिअर्सन या आयसीएस अधिकाऱ्याने 1894पासून हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी चालवली, तेव्हा नमुना म्हणून बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली. तिची सुरुवात हीच. मराठीचा खंड 1905 साली निघाला. आमची अहिराणी, म्हणजे ग्रिअर्सनची 'खानदेशी', मात्र त्यात नाही. ती 1907च्या खंडात भिल्ल भाषांसोबत आहे. मराठीपासून वेगळेपणाची ही रेघ मारली ती कलेक्टर कचेऱ्यांतून आलेल्या कागदांवरून. आफ्रिकेत याच्या उलटं झालं: दक्षिण ऱ्होडेशियात (आजच्या झिंबाब्वेत) भाषातज्ज्ञ क्लेमेंट डोक यांनी 1931 साली करंगा, झेझुरू, मन्यिका अशा बोली एकत्र आणून एक 'शोना' लेखी भाषा करण्याची शिफारस केली. साहेबाने आमच्याकडे वेगळं काढलं, तिकडे एकत्र बांधलं.

ती रेघ आपल्या जनगणनेतही राहिली. 'खानदेशी' ही आजही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते आणि अहिराणी तिच्यात येते. 2001 साली तिचे भाषक 20 लाख 75 हजार होते, 2011 साली 18 लाख 60 हजार. लोकसंख्या वाढली आणि भाषक घटले. 2011 साली एकट्या जळगाव जिल्ह्याची वस्ती 42 लाखांवर होती, धुळ्याची साडेवीस लाख. यातले सगळे काही अहिराणी बोलत नाहीत, हे खरं. पण आकडा कसा घटतो ते मी आमच्या ओट्यावर पाहिलंय. गणनेचे गुरुजी आले, मातृभाषा विचारली. आजी म्हणाली, ''मराठीच शे ना भो, दुसरं काय!'' गुरुजींनी 'मराठी' लिहिलं. ते तरी काय करणार?

आईच्या लेवा बोलीला तर वेगळा रकानाच नाही. तिच्या वाट्याला बहिणाबाई आल्या, हे भाग्य. आसोद्याच्या या निरक्षर बाईच्या ओव्या मुलगा सोपानदेव यांनी जपल्या, आचार्य अत्र्यांनी उचलून धरल्या आणि 1952 साली पुस्तक निघालं. तोवर बहिणाबाई जाऊन वर्ष झालं होतं. आता जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. अहिराणीला असा कवी मिळाला नाही. मात्र यूट्यूबवर आणि लग्नाच्या डीजेवर आज तिचाच दणका आहे.

पण बोलींची खरी अडचण सातपुड्याच्या पायथ्याला आहे. शिरपूर, चोपड्याच्या वरच्या पाड्यांत पावरी बोलतात. मध्य प्रदेशात उतरलं की तिचीच बहीण 'बारेली' होते. 2011च्या जनगणनेत दोन्ही 'भिली'च्या 1 कोटी 4 लाखांत गडप. पाड्यावरचं पोर आश्रमशाळेत येतं तेव्हा घरची पावरी, बाजारात कानावर पडलेली अहिराणी आणि पुस्तकातली प्रमाण मराठी, असं सगळं एकदम अंगावर येतं. पहिलीच्या पुस्तकातला 'ळ' त्याला अहिराणी बोलणारे गुरुजी शिकवतात. गुरुजी फळ्यावर 'बाळ' लिहितात, आणि मधल्या सुटीत स्वतः 'बाय'च म्हणतात.