गुरें हाताळतांना होणाऱ्या दुखापती

निरगुडसरच्या परिसरांत बैल हें शेतकऱ्याचें भूषण होय. सन २०१४ मध्यें बंद झालेल्या बैलगाडा-शर्यतींस सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२१ मध्यें सशर्त परवानगी दिल्यापासून घाटांतील अपघातांची चर्चा होते. परंतु दुखापत गोठ्यांतही, ओळखीच्या जनावराकडूनच होते.

गुरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्यांस भोंवतालचें पुष्कळ दिसतें. मात्र थेट पाठीमागचें मुळींच दिसत नाहीं. म्हणून मागून अकस्मात् हात लागतांच जनावर बिचकून लाथ झाडतें. गाय तर बाजूसही लाथ फेंकते.

यास्तव जवळ जातांना आधीं हांक द्यावी व खांद्याच्या बाजूनें जावें. कासरा मनगटास कधींही गुंडाळूं नये. जनावर उधळल्यास माणूस फरफटत जातो. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या वासरास तिच्यादेखत हात लावूं नये. पत्री मारतांना बैलाचे पाय नीट बांधावे.

जखम झाल्यास तीवर शेण-माती लावूं नये, कारण तींतच धनुर्वाताचे जंतु असतात. साबणपाण्यानें धुवून दवाखान्यांत लस टोंचून घ्यावी. घटकाभराची घाई ऐन पेरणींत घरच्या कर्त्या माणसास अंथरुणास खिळवूं शकते, हें शेतकरी बंधूंनीं विसरूं नये.