हजेरीपटावरील अणुव्रत

दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणाऱ्या कच्छच्या जगडूशहांची कथा आपल्याकडे आजही भक्तिभावाने सांगितली जाते. अनुकंपादानाचा तो आदर्शच होय. परंतु ज्याचे घर, होडी, शेत सारे गेले, हात मात्र शाबूत राहिले, त्याला काय द्यावे? मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी शोधलेले एक उत्तर असे : काम द्यावे आणि त्याची रोख मजुरी द्यावी.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने इंडोनेशियातील आचे प्रांताचा किनारा उद्ध्वस्त केला. तेथे धान्यवाटपाच्या जोडीने, वाचलेल्या ग्रामस्थांनाच मजुरी देऊन ढिगारे उपसण्याची व रस्ते मोकळे करण्याची कामे काढण्यात आली. यामागील विचार व्यापारी कुटुंबांना सहज उमगेल. बाजारात माल असताना बाहेरचे धान्य फुकट वाटत राहिले, तर स्थानिक दुकानदार बुडतो. मजुराच्या हाती रोकड आली, तर ती त्याच दुकानात परतते. मात्र मालच नसेल, तर रोकड केवळ भाव वाढवते. म्हणून क्षेत्र अधिकारी प्रथम बाजारात हिंडून भाव आणि साठा पाहतो.

मग मजुरीचा दर ठरवायचा. तो फार चढा ठेवला, तर लोक आपली शेती व नेहमीचे काम सोडून येतात. फार उतरता ठेवला, तर चूल पेटत नाही. सामान्यतः तो गावातील रोजंदारीइतका किंवा किंचित कमी ठेवतात. वृद्ध, अपंग व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी कामाविना मदतीची वेगळी यादी असते.

खरी कसोटी लागते ती हजेरीपटावर. एखादी विधवा आजारी पडते. मुकादम म्हणतो, "साहेब, हजेरी लावून टाका, पुण्य लागेल." करुणा हो म्हणते. पण आज दयेने लिहिलेले खोटे नाव उद्या लोभाने लिहिलेल्या दहा नावांना वाट करून देते. तिचे नाव मदतीच्या यादीत घालणे, त्यासाठी वरिष्ठांशी भांडणे, हाच योग्य मार्ग. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार ही दोन्ही सांगितली आहेत. खोटा हजेरीपट हे कूटलेखन, आणि दात्यांनी विश्वासाने सोपवलेला पैसा हा न्यासच.

आपल्या वडीलधाऱ्यांनी १९७२च्या दुष्काळात खडी फोडणारे हात पाहिले आहेत. पुढे वि. स. पागे यांच्या विचारातून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. कष्टाची मजुरी घेणारा मनुष्य याचक राहत नाही, हे महाराष्ट्राने तेव्हाच ओळखले होते.

घरातील एखादा तरुण वा तरुणी या सेवेत जाऊ इच्छित असेल, तर त्यांना अडवू नये. पेढीवर वही चोख ठेवण्याचा जो संस्कार आपण त्यांना दिला, त्याची तेथे नितांत गरज आहे.