न्हाणीघरांतील एक्झॉस्ट पंखा : जोडणी, कायदा व जीवाची काळजी

हल्लीं मळ्यांतून पक्कीं घरें झालीं असून घरांतच न्हाणीघर बांधण्याची वहिवाट पडली आहे. इगतपुरी व त्र्यंबकेश्वर ह्या तालुक्यांत पावसाळाभर भिंतीची ओल हटत नाहीं. निफाडाकडे थंडी इतकी कडक पडते कीं स्नानाचे वेळीं खिडकी कोणी उघडीत नाहीं. वाफ कोंडते, चुना फुगतो, भिंतीस बुरशी धरते. ह्यावर उपाय म्हणून एक्झॉस्ट पंखा बसवितात, व तो योग्यच आहे. परंतु पंखा लहान म्हणून त्याची जोडणीही क्षुल्लक, हा समज मात्र घातक होय.

सहा इंची पंख्यास साधारण ३० ते ४० वॅट वीज पुरते. तथापि त्याच्या तारेंत दाब असतो तो २३० व्होल्टचाच. ओल्या अंगानें ३० मिलीअँपिअर इतका प्रवाह गेला तरी प्राण संकटांत येऊं शकतो. आपल्या पेटींतील एमसीबी ६ अँपिअरचा, म्हणजे ६,००० मिलीअँपिअरचा असतो. माणूस चिकटला तरी तो बटण पाडीत नाहीं, कारण तें त्याचें कामच नव्हे. एमसीबी तारेचें रक्षण करितो, माणसाचें नव्हे.

माणसाचें रक्षण दोन गोष्टी करितात. एक, चांगलें अर्थिंग. दुसरी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह ह्यांचा मेळ न बसल्यास तो सेकंदाच्या तीन दशांश भागांत पुरवठा तोडतो. जमाखर्चाची तेरीज न जुळल्यास कारकून कागद पुढें जाऊं देत नाहीं, तसेंच हें आहे. त्यावरील चाचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. पुरवठा न तुटल्यास तो तत्काळ बदलावा.

मळ्यांत एक वाईट रीत आढळते. घरगुती मीटर नसला म्हणजे विहिरीवरील मोटारीच्या पेटींतून एक फेज ओढावयाचा आणि न्यूट्रलच्या जागीं अर्थिंगची तार जोडावयाची. पंखा फिरतो खरा. पण वीज परत जाते ती जमिनींतून. उन्हाळ्यांत काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि त्या तारेस जोडलेल्या मोटारीच्या व पाइपाच्या लोखंडांत वीज उतरते. स्नान करणारा न्हाणींत सुखरूप असतो, आणि दारें धरावयास गेलेल्याचा हात पाइपास लागतो. शिवाय विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ अन्वयें मंजूर कारण सोडून केलेला वापर अनधिकृत ठरतो व त्याची आकारणी दुप्पट दरानें होते. सबब घरासाठीं महावितरणकडून घरगुती जोडणीच घ्यावी.

काम कोणी करावें, ह्याविषयींही नियम स्पष्ट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांप्रमाणें जुना पंखा काढून तसाच नवा बसविण्यास हरकत नाहीं. परंतु नवी तार ओढून नवा पॉइंट काढणें म्हणजे मूळ जोडणींत भर घालणें होय. तें काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडून, दाखलाधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीं करवून घ्यावें. परवाना आधीं पाहून मगच काम सांगावें.

काम चालू असतां पुढील गोष्टींवर मालकानें स्वतः नजर ठेवावी. मेन स्विच पाडावाच, पण घरांत इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची वीज तारेंत राहते. टेस्टर आधीं चालू पॉइंटवर पारखून मग तारेस लावावा. तार तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची व आयएसआय चिन्हाची असावी. हिरवी तार केवळ अर्थिंगसाठींच राखावी. पंखा छताजवळ, पाण्याचे शिंतोडे न पोहोंचतील असा बसवावा; बटण न्हाणीच्या बाहेर असावें व तें फेजवरच असावें. सांधा भिंतींत उघडा न गाडतां झांकणाच्या डब्यांत घ्यावा. दाराखालीं बोटभर फट ठेवावी, नाहींतर बाहेरची हवा आंत न आल्यानें पंखा नुसताच फिरेल.

आणखी एक इशारा. पंखा आहे म्हणून न्हाणींत गॅसचा गीझर लावूं नये. त्यापासून निघणाऱ्या विषारी वायूस रंग नाहीं व वास नाहीं; कोंडलेल्या खोलींत माणूस बसल्या जागीं बेशुद्ध पडतो. असा गीझर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेंतच असावा.

काम पुरें झाल्यावर ठेकेदाराकडून चाचणीचा अहवाल सहीनिशीं मागून घ्यावा व सात-बाराच्या उताऱ्याशेजारीं जपून ठेवावा. जमिनीचा कागद जितक्या काळजीनें आपण सांभाळतों, तितक्याच काळजीनें हा सांभाळणें अवश्य आहे.